मुंबई सिटी एफसी : आकाशी जर्सीची वाटचाल

मुंबईला फुटबॉलची परंपरा जुनी आहे, मात्र ती सांभाळणाऱ्या संस्था एकामागून एक मिटत गेल्या. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स कप स्पर्धा नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबली. कुपरेजच्या मैदानावर एके काळी गिरण्या, बँका आणि रेल्वेचे संघ खेळत. ते सारे हळूहळू विरत गेले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे अजिंक्यपद मुंबईत आणले आणि चारच वर्षांनी, २०१० मध्ये, तोही संघ विसर्जित झाला. २००७ मध्ये जन्मलेला मुंबई एफसी आय-लीगमध्ये जेमतेम तग धरून होता. खाडीच्या अलीकडच्या नवी मुंबई-पनवेल पट्ट्याला तर देशाच्या अव्वल लीगमधला आपला म्हणावा असा संघच नव्हता. मुले खेळत होती, खांदा कॉलनीपासून खारघरपर्यंत मिळेल त्या मोकळ्या भूखंडावर खेळत होती. मात्र शनिवार-रविवारी जाऊन ज्याच्या नावाने घसा कोरडा करावा, असे जवळपास काही नव्हते.

मैदान मात्र होते. सायन-पनवेल महामार्गाला लागून नेरूळला २००८ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियम उभे राहिले. पंचावन्न हजारांच्या आसपास प्रेक्षक सामावणारी ही वास्तू सुरुवातीला क्रिकेटची म्हणूनच ओळखली गेली. आयपीएलच्या पहिल्या वर्षाचा अंतिम सामनाही इथेच झाला. तिथे फुटबॉलचे गोलपोस्ट रोवले जाण्यासाठी २०१४ हे वर्ष उजाडावे लागले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सबरोबर पंधरा वर्षांचा आणि ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातूनच पुढे इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आकाराला आली. एप्रिल २०१४ मध्ये आठ शहरांच्या संघांचे मालक जाहीर झाले. मुंबईचा संघ अभिनेते रणबीर कपूर आणि सनदी लेखापाल बिमल पारेख यांच्याकडे आला आणि ३० ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई सिटी एफसीची रीतसर स्थापना झाली. जर्सीसाठी आकाशी निळा रंग निवडण्यात आला. हाताशी फक्त सहा आठवडे होते. तेवढ्या अवधीत संघ, प्रशिक्षक, सरावाची व्यवस्था, तिकीटविक्री असे सारे शून्यातून उभे करायचे होते. प्रशिक्षकपदी इंग्लंडचे पीटर रीड आले.

लीगच्या नियमांनुसार प्रत्येक संघाने एक तारांकित परदेशी खेळाडू घेणे अपेक्षित होते. त्याला ‘मार्की’ खेळाडू म्हणत. दिल्लीने अलेस्सांद्रो देल पिएरोला आणले, पुण्याने डेव्हिड त्रेझेगेला, गोव्याने रॉबेर पिरेसला. मुंबईने दोन मोठी नावे घेतली : आर्सेनलचा माजी खेळाडू, स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग आणि फ्रान्सचा निकोला अनेल्का. पैकी अनेल्काच्या येण्याला एक पूर्वेतिहास होता आणि तो चीनमधून सुरू होतो.

आशियातल्या क्लबांनी युरोपातले तारे पैशाच्या बळावर खेचून आणण्याचा प्रयोग चीनने सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला. एव्हरग्रांड या बांधकाम कंपनीने २०१० मध्ये ग्वांगझूचा क्लब विकत घेतला आणि तिथून चढाओढ लागली. चेल्सी सोडून अनेल्का २०१२ च्या सुरुवातीला शांघाय शेनहुआ क्लबकडे गेला. त्याचे वेतन आठवड्याला दोन लाख पौंडांहून अधिक असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. काही महिन्यांतच दिदिए द्रोग्बाही त्याच क्लबात दाखल झाला. क्लबच्या भागधारकांतील वाद आणि रखडलेली वेतने यांच्या चर्चेतच वर्ष सरले आणि जानेवारी २०१३ मध्ये दोघांनीही शांघाय सोडले. हाच अनेल्का दीड वर्षाने मुंबईच्या आकाशी जर्सीत आला. चीनमधल्या रकमांपुढे मुंबईचा खर्च किरकोळ होता, विचार मात्र त्याच वळणाचा होता. नाव मोठे असले की लोक येतील आणि लोक आले की खेळ रुजेल, अशी ती धारणा.

लोक आले, हे नोंदवले पाहिजे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आयएसएलच्या इतिहासातला पहिलाच सामना मुंबई सिटी खेळली आणि ३-० अशी हरली. सहाच दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, नेरूळला घरच्या मैदानावरचा पहिला सामना झाला. समोर पुणे सिटीचा संघ होता. मुंबईने ५-० असा विजय मिळवला. ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने तीन गोल केले आणि आयएसएलमधली पहिली हॅट्ट्रिक आपल्या नावे लावली. पनवेलहून हार्बरची लोकल धरली की नेरूळ सहावे स्थानक. कामोठे, कळंबोली, खारघर, बेलापूर इथल्या पोरांना आणि त्यांच्या पालकांना लाल किंवा निळ्या रंगाचे परदेशी क्लब दूरचित्रवाणीवरच माहीत होते. आता जागतिक दर्जाचे खेळाडू अर्ध्या तासाच्या अंतरावर प्रत्यक्ष दिसू लागले. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ हा पाठीराख्यांचा गटही याच काळात घडला. पुढे संघ जिंकत असो वा हरत, ढोल आणि झेंडे घेऊन हा गट गॅलरीत हजर राहिला. क्लबच्या वाटचालीत त्यांचा वाटा कोणत्याही खेळाडूहून कमी नाही.

मैदानावरचे निकाल मात्र या उत्साहाला साजेसे नव्हते. इंग्लंडमधील निलंबनाची शिक्षा शिल्लक असल्याने अनेल्काला पहिल्या काही सामन्यांत खेळता आले नाही. युंगबर्ग दुखापतीमुळे जेमतेम चार सामने खेळला. आठ संघांत मुंबई सातवी आली. २०१५ मध्ये अनेल्काकडेच प्रशिक्षकपदही देण्यात आले. खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्याने शांघायलाही काही काळ सांभाळली होती. त्या वर्षीच्या लिलावात क्लबने सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली होती. छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल करून आयएसएलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. पण त्याच मोसमात, १७ नोव्हेंबरला, फातोर्ड्याला गोव्याने मुंबईचा ७-० असा धुव्वा उडवला. मोसमाअखेर मुंबई सहाव्या क्रमांकावर राहिली. दोन वर्षे, दोन जगप्रसिद्ध नावे आणि बाद फेरीचे दर्शनही नाही, असा तो हिशेब होता.

२०१६ मध्ये क्लबने नेरूळ सोडले आणि अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातील मैदान घर म्हणून स्वीकारले. ‘मुंबई फुटबॉल अरिना’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. आठ हजारांच्या आत प्रेक्षक बसतील एवढेच ते मैदान आहे. पण तिथे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात अंतर उरले नाही आणि फुटबॉलला हवी असते ती धग तिथे मिळाली. पनवेलकरांसाठी प्रवास सहा स्थानकांवरून दीड तासाच्या घरात गेला. तरीही पनवेल-अंधेरी लोकल पकडून येणारे काही निष्ठावंत टिकून राहिले.

त्या वर्षीचा मार्की खेळाडू होता उरुग्वेचा दिएगो फोरलान. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू त्यानेच पटकावला होता. फोरलानचे येणे आधीच्या दोघांहून वेगळे ठरले, कारण कोस्टा रिकाचे प्रशिक्षक अलेक्झांड्रे गिमाराईस यांनी त्याच्याभोवती संघ बांधला होता. गोलरक्षक अमरिंदर सिंगने त्या मोसमात ‘गोल्डन ग्लोव्ह’ मिळवला. फोरलानने १९ नोव्हेंबरला केरळविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि मुंबईने ५-० अशी बाजी मारली. १४ सामन्यांत २३ गुणांसह मुंबई गुणतक्त्यात पहिली आली. उपांत्य फेरीत मात्र कोलकात्याने ३-२ अशी मात केली. पहिल्या लढतीत फोरलानला मैदानाबाहेर काढण्यात आले आणि परतीची लढत तो खेळूच शकला नाही.

तो डिसेंबर २०१६ होता. त्याच महिन्यात शांघाय एसआयपीजीने चेल्सीच्या ऑस्करसाठी ६ कोटी युरो मोजण्याचे मान्य केले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जिआंग्सू सुनिंग या क्लबने ब्राझीलच्या अॅलेक्स तेशेराला ५ कोटी युरोंना विकत घेतले होते. शांघाय शेनहुआत गेलेल्या कार्लोस तेवेझच्या वेतनाचे आकडे तर जगभर चर्चिले गेले. तो वर्षभरात चार गोल करून मायदेशी परतला. २०१७ मध्ये चिनी महासंघाला जाग आली. परदेशी खेळाडूच्या खरेदीवर जितका खर्च, तितकीच रक्कम कर म्हणून भरण्याचे बंधन तोट्यातील क्लबांवर घालण्यात आले.

भारताची वाट इथे वेगळी झाली आणि त्याचे श्रेय लीगच्या नियमांनाही दिले पाहिजे. आयएसएलच्या पहिल्या तीन मोसमांत एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. २०१७-१८ पासून ही संख्या पाचवर आली आणि २०२१-२२ पासून चारवर. पूर्ण संघाच्या वेतनावर मर्यादा आली. २०२० च्या सुमारास ती १६ कोटी ५० लाख रुपये होती. तेशेराची एकट्याची किंमत तेव्हाच्या दराने ३५० कोटी रुपयांवर जाते. एवढ्या रकमेत आयएसएलचा एक पूर्ण संघ वीस वर्षे पोसता आला असता. या चौकटीमुळे मुंबई सिटीला दरवर्षी नवे मोठे नाव शोधण्यापेक्षा चांगले भारतीय खेळाडू शोधणे भाग पडले. क्लबच्या हिताची याहून मोठी गोष्ट त्या दशकात घडली नाही.

२०१७-१८ मध्ये संघ पुन्हा सातव्या स्थानी घसरला. पुढच्या वर्षी पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा यांनी त्याला उपांत्य फेरीत नेले. तिथे गोव्याने ५-२ अशा एकूण गुणफलकाने रोखले. याच काळात महाराष्ट्रातली दोन घरे बंद झाली. आय-लीगमधून उतरलेला मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला आणि आर्थिक अडचणींनी ग्रासलेला पुणे सिटी २०१९ मध्ये. राज्यात अव्वल लीगचा एकच संघ उरला आणि त्याच्या कपाटात एकही करंडक नव्हता.

२८ नोव्हेंबर २०१९ हा दिवस या वाटचालीतला मोठा टप्पा आहे. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील ६५ टक्के हिस्सा घेतला. उरलेले ३५ टक्के कपूर आणि पारेख यांच्याकडे राहिले. मुंबई हा या समूहाचा आठवा क्लब. सातवा होता चीनमधला सिचुआन जिउनिऊ, आणि समूहात २०१५ पासून चिनी गुंतवणूकदारांचा १३ टक्के हिस्साही होता. चिनी पैसा त्या काळी जगाच्या फुटबॉलमध्ये किती खोलवर गेला होता, हे यावरून ध्यानात यावे. समूहाने मुंबईत मावळता तारा आणला नाही. त्याने पद्धत आणली. खेळाडूंची पारख, तंदुरुस्तीचे शास्त्र, विश्लेषण, समूहातल्या क्लबांकडून येणारे प्रशिक्षक असा तो साज होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक झाले. गोव्यात त्यांच्या हाताखाली घडलेले अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई हेही मुंबईत आले. करोनामुळे तो अख्खा मोसम गोव्यात, जैवसुरक्षित वातावरणात आणि रिकाम्या मैदानांवर झाला. महिनोन्‌महिने हॉटेलच्या खोल्यांत अडकून, घरच्यांपासून दूर राहून संघ खेळला. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीला शेवटच्या साखळी सामन्यात एटीके मोहन बागानला हरवणे आवश्यक होते. फॉल आणि बार्थोलोम्यू ओग्बेचे यांच्या गोलांनी मुंबई २-० अशी जिंकली. दोन्ही संघांचे गुण ४० झाले आणि परस्परांतील लढतींच्या निकषावर साखळी विजेत्याची ढाल मुंबईकडे आली. क्लबचा हा पहिला मानाचा करंडक होता.

नेमक्या त्याच दिवशी चीनमध्ये जिआंग्सू क्लबने आपला कारभार थांबवत असल्याचे जाहीर केले. तेशेराला ५ कोटी युरो देणारा हा क्लब साडेतीन महिन्यांपूर्वीच चीनचा विजेता झाला होता. मालक कंपनी अडचणीत आली आणि विजेतेपदाचा मोसम हाच त्याचा अखेरचा मोसम ठरला. आशियाई चॅम्पियन्स लीग दोनदा आणि चिनी लीग आठदा जिंकलेला ग्वांगझूही जानेवारी २०२५ मध्ये कर्जापायी व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर फेकला गेला. हे दोन्ही क्लब लाखो लोकांचे होते आणि त्या लोकांचा काही दोष नव्हता. मुंबईतल्या प्रत्येक फुटबॉल संघटकाने हा इतिहास जवळ ठेवावा.

१३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला अंतिम सामना झाला. प्रतिस्पर्धी पुन्हा एटीके मोहन बागान. एका गोलाच्या पिछाडीवरून बरोबरी साधल्यावर ९० व्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने चेंडू जाळ्यात मारला आणि अमरिंदरच्या नेतृत्वाखालील संघाने २-१ असा चषक जिंकला. एकाच मोसमात ढाल आणि चषक दोन्ही जिंकणारा मुंबई सिटी हा आयएसएलमधला पहिला संघ. गॅलऱ्या रिकाम्या होत्या. मुंबई-पनवेलच्या पाठीराख्यांनी हा विजय घरातल्या पडद्यांवर पाहिला.

पुढच्या मोसमाआधी लोबेरा गेले आणि मेलबर्न सिटीतून डेस बकिंगहॅम आले. लीगमध्ये संघ पाचवा आला खरा, पण आशियाने त्याची दखल घेतली. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला मुंबईने २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. विजयी गोल राहुल भेकेने डोक्याने मारला. मुंबईत जन्मलेला, इथल्याच मैदानांवर घडलेला हा बचावपटू. युंगबर्ग आणि फोरलानच्या शहराचा इतिहासातला सर्वांत मोठा गोल एका मुंबईकराच्या नावावर लागला, याचा आनंद शब्दांत सांगण्यापलीकडचा होता.

२०२२-२३ हा मोसम निर्विवाद वर्चस्वाचा होता. लालिआनझुआला छांगते, बिपिन, लालेंगमाविया, गोलरक्षक फुर्बा लाचेंपा ही ईशान्येकडील आणि सिक्कीमची मुले, त्यांच्या जोडीला स्कॉटलंडचा ग्रेग स्ट्यूअर्ट आणि अर्जेंटिनाचा होर्खे पेरेरा डियाझ. सलग १८ सामने अपराजित राहून ४६ गुणांसह संघाने दुसरी ढाल जिंकली. छांगते मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन जखमाही राहिल्या : ड्युरँड कपच्या अंतिम फेरीत आणि आयएसएलच्या उपांत्य फेरीत पेनल्टींवर, दोन्ही वेळा बंगळुरूकडून हार.

एप्रिल २०२३ मध्ये जमशेदपूरला ३-१ असे हरवून क्लब पुन्हा आशियाई चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला. सोडतीत गट मिळाला सौदी अरेबियाच्या अल-हिलालचा. चीनने मोकळी केलेली जागा आता सौदीने घेतली होती. नेमारसाठी अल-हिलालने ९ कोटी युरो मोजले होते. नेमार भारतात खेळणार या कल्पनेनेच नवी मुंबई हरखली. ऑक्टोबरमध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तो आला नाही. रियाधला मुंबई ६-० अशी हरली होती. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर मित्रोविच, कुलिबाली, रुबेन नेवेस यांच्या तोडीच्या खेळाडूंसमोर तोच संघ ०-२ असा हरला, पण तासभर त्याने गोल होऊ दिला नव्हता. गटातील सहाही सामने गमावले गेले. आशियाच्या शिखरापासून आपण किती दूर आहोत, हे त्या सहा सामन्यांनी दाखवले आणि ते लपवण्याचे कारण नाही.

त्याच महिन्यात बकिंगहॅम इंग्लंडला परतले. मोसमाच्या मध्यावर पेत्र क्रात्की यांनी सूत्रे घेतली. शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानने मुंबईच्या हातची ढाल हिसकावली. तीनच आठवड्यांनी, ४ मे २०२४ रोजी, त्याच सॉल्ट लेकवर, बागानच्याच प्रेक्षकांपुढे, मुंबईने ०-१ वरून ३-१ अशी झेप घेतली आणि दुसऱ्यांदा चषक जिंकला. दहा वर्षांपूर्वी याच मैदानावर ३-० हरून सुरुवात झाली होती.

त्यानंतरची परीक्षा मैदानाबाहेरची होती. २०१० चा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि पुढचा करार ठरत नव्हता. जुलै २०२५ मध्ये लीग अनिश्चित काळासाठी स्थगित झाली. खेळाडू, प्रशिक्षक, मैदानावरचे कर्मचारी सारेच टांगणीला लागले. डिसेंबर २०२५ अखेर सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधील आपला हिस्सा सोडला आणि संपूर्ण मालकी पुन्हा संस्थापकांकडे आली. मोठा मालक जाताच क्लब संपतो, हे चीनने दाखवून दिले होते. इथे संस्थापकांनी क्लब टिकवला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी १४ संघांसह १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असे जाहीर केले, तेव्हा त्या चौदांत मुंबई सिटीचे नाव होते.

आज क्लबच्या नावावर दोन ढाली आणि दोन चषक आहेत. खारघरला सिडकोने फुटबॉलचे उत्कृष्टता केंद्र उभारले आहे, पनवेल महापालिकेच्या हद्दीत नव्या वसाहती वाढत आहेत आणि त्यांत चेंडूमागे धावणारी मुलेही. क्लब टिकायचा असेल तर त्याला मालकाइतकेच प्रेक्षक लागतात. पनवेल परिसरातील शाळा, क्रीडा मंडळे आणि पालकांनी मोसमात एकदा तरी मुलांना घेऊन मुंबई सिटीचा सामना तिकीट काढून पाहावा.